चार बोटं खालचं शून्य

कालव्याच्या पुलावरून जाताना माझी मान आजही आपोआप खाली वळते. नोकरी सुटून दोन वर्षं झाली, तरी पाणी कुठल्या दगडाला लागलंय हे बघितल्याशिवाय पूल ओलांडवत नाही. मोटारसायकलवर मागे बसलेली बायको खांद्यावर टपली मारते. "समोर बघा. पाण्याला काय व्हायचं ते होऊ द्या आता." तिचं बरोबर आहे. पण सगळी हयात ज्यानं पाण्याची उंची वाचली त्याला समोर बघायची सवय उशिरा लागते.

आमच्या भागातून निघणाऱ्या या दिवाळी अंकाच्या संपादकांनी निरोप धाडला की कालव्यावरच्या गमतीजमती लिहा, लोकांना आवडतात. गमती आहेत, त्या लिहितो. पण एक गोष्ट गमतीची नाही, आणि खरं सांगायचं तर तिच्यासाठीच मी लिहायला बसलो आहे.

आधी धंदा समजावून सांगतो. बाहेरच्या माणसाला वाटतं, धरणाचं दार उघडलं की शेवटच्या शेतात पाणी. तसं नसतं. मोठ्या कालव्यातून फाटे निघतात, फाट्यांतून चाऱ्या, आणि चारीतून एकेका शेताला पाणी देणाऱ्या मोऱ्या. चारी जिथं सुरू होते तिथं लोखंडी दार असतं. दाराच्या पुढं दगडी बांधकामात एक उंबरा असतो, घराला असतो तसाच, फक्त हा पाण्यानं ओलांडायचा. उंबऱ्यावरून पाणी किती उंच चाललंय ते बाजूच्या भिंतीवरच्या पट्टीवर वाचायचं आणि पाटबंधारे खात्याच्या तक्त्यात त्या उंचीसमोरचा आकडा बघायचा. म्हणजे किती पाणी चाललंय ते कळतं. पट्टीचं शून्य उंबऱ्याच्या माथ्याशी जुळलेलं असावं लागतं. एवढं एक वाक्य ध्यानात ठेवा. मी ठेवलं नव्हतं.

मी पाटकरी म्हणून लागलो आणि कालवा निरीक्षक म्हणून सुटलो. हुद्दा बदलला तरी काम तेच. सकाळी पट्टी वाचायची, दुपारी वाचायची, संध्याकाळी वाचायची, आणि मध्ये लोकांच्या शिव्या खायच्या. कालवा वाहत असला की सुट्टी नाही. घरात लग्न असो, सणवार असो, माणूस चारीवर. काटेवाडीत माझं घर, आणि माझ्या चाऱ्या पार इंदापूर तालुक्यात वरकुट्याच्या शिवारापर्यंत. त्या रस्त्याचा एकेक खड्डा माझ्या कमरेला पाठ आहे.

मला काम शिकवलं गणपतकाकांनी. ते जुने पाटकरी, चौथीपर्यंत शिकलेले. ते पट्टी वाचायचे, पण तिच्यावर विसंबायचे नाहीत. वाटेतल्या फडातून उसाचं वीतभर टिपरू तोडायचे, चारीत टाकायचे आणि त्याच्या बरोबरीनं काठानं चालायचे. "टिपरू आपल्याला पळवायला लागलं तर पानी भरपूर. आपल्या चालीनं आलं तर ठीक. मागं रेंगाळलं तर समज, कुठंतरी घोळ हाय." मला हसू यायचं. मी बारावी झालेला, माझ्या हातात तक्ता होता.

गिऱ्हाइकं तर एकेक नग. वडगाव निंबाळकरचे एक बागायतदार मला रोज पहाटे फोन करायचे. त्यांचं गाव वरच्या अंगाला, त्यांच्याकडं पाणी आधी पोचणार, माझ्या हद्दीचा त्यांच्याशी काडीचा संबंध नाही. तरी विचारायचे, "खाली किती चाललंय?" एकदा वैतागून म्हणालो, "तुम्हाला खालच्याचं काय करायचंय?" तर म्हणाले, "खाली कमी असलं की आमचा ऊस गोड लागतो हो भाऊसाहेब." थट्टाच होती, पण पुरती थट्टा नव्हती.

फाट्यावर धुण्याच्या पायऱ्या होत्या. तिथं कुसुमकाकी रोज धुणं घेऊन यायच्या. मी पट्टी वाचून वही काढायच्या आत त्या ओरडून सांगायच्या, "तिसरी पायरी बुडली बगा, कालच्यापेक्षा बोटभर चढलंय!" आणि माझ्या वहीत बरोबर तेवढंच चढलेलं असायचं. खात्यानं पगार त्यांना द्यायला हवा होता.

आणि वरकुट्याचे हणमंततात्या. त्यांची जमीन चारीच्या अगदी टोकाला, त्यांच्या बांधाला चारी संपते. पेरूची बाग आणि थोडी वांगी-मिरची. तात्यांचं ठरलेलं वाक्य असायचं, "हितवर येईस्तवर तुमचं पानी दमतंय वो भाऊसाहेब." सगळे हसायचे. मीही हसायचो, कारण दमणं म्हणजे काय ते मलाही ठाऊक होतं. तात्यांची मोजायची रीत वेगळी. एका पाळीत पेरूच्या किती ओळी भिजल्या ते ते दाव्याला गाठी मारून ठेवायचे. एक ओळ, एक गाठ. बाग पुरी भिजली की दावं खुंटीला.

तात्यांच्या वरच्या अंगाला ज्ञानदेव आबांचं शेत. दोघं एका वर्गात शिकलेले, आणि दोघांची सावड होती. सावड म्हणजे आज माझ्या रानात तू, उद्या तुझ्या रानात मी. मजुरी द्यायची नाही, घ्यायची नाही. तात्यांचे पेरू उतरवायला आबांचं घर यायचं, आबांचा मका काढायला तात्यांचं. दोन्ही घरच्या बायका एकाच झाडाखाली भाकरी सोडायच्या. मी उन्हाचा त्या बाजूला गेलो की मलाही त्यातला कोरका मिळायचा.

पाच वर्षांपूर्वी उसाची एक ट्रॉली चारीच्या तोंडाशी उलटली. माणसं वाचली, पण भिंतीचा कोपरा आणि त्यावरची पट्टी गेली. भिंत दोन दिवसांत लिंपून घेतली. नवी पट्टी मागवली, ती येईना. इकडं उन्हाळी आवर्तन, म्हणजे कालव्याला पाणी सुटायची वेळ, तोंडावर आलेलं. मी म्हटलं, पट्टीत असतं काय, रेघा तर असतात. घराच्या दाराला आणलेला ऑइलपेंट शिल्लक होता. पांढऱ्यावर काळ्या रेघा काढायचं ठरवलं. चारीत मांडीभर गढूळ पाणी साचलेलं, खाली गाळ. मी काठी घेऊन उतरलो, भिंतीच्या कडेनं खाली रेटली, टणक लागलं तिथं शून्य धरलं आणि तिथून वर मोजत गेलो. रेघा अशा सरळ आल्या की बघत राहावं. शाखेचे साहेब येऊन म्हणाले, "छापील पट्टीपेक्षा बरी दिसते." मी दोन दिवस त्या कौतुकावर तरंगत होतो.

आवर्तन सुटलं. आमच्याकडं शेजपाळी असते; आधी टोकाच्या शेताला पाणी, मग एकेक करत वर. म्हणजे पहिला नंबर तात्यांचा, आणि त्यांची पाळी चालू असताना बाकीच्या सगळ्या मोऱ्या बंद. मी पट्टीवर ठरलेल्या रेघेपर्यंत पाणी येईल इतकं दार उघडलं आणि निघालो. दुसऱ्या दिवशी तात्या दावं हातात घेऊन चारीच्या तोंडाशी हजर.

"भाऊसाहेब, पाळी संपत आली. धा ओळी कोरड्या हायती."

"तात्या, पट्टी बघा. रेघेला रेघ आहे."

"पट्टीला आसंल. माझ्या बागंत न्हाय."

मी वही काढून दाखवली. सकाळ, दुपार, संध्याकाळ, तिन्ही आकडे पुरे. मग मी ते बोललो, जे माझ्या कानात अजून आहे. म्हणालो, "तात्या, पट्टी खोटं बोलत नाही. तोंडाशी पुरं आहे आणि टोकाला कमी आहे, म्हणजे मध्ये कोणीतरी पितंय."

मध्ये कोण होतं? चारी काठाकाठानं चालत आम्ही दोघं खाली निघालो. सगळ्या मोऱ्या बंद होत्या. आबांची मोरीही बंदच होती. पण त्यांच्या मक्याच्या शेवटच्या चार सऱ्या ओल्या होत्या, पाय रुतेल इतक्या.

आबा बांधावर होते. म्हणाले, "चारीचं अस्तर फुटलंय हितं. पाझर हाय तो. दर पाळीला आसतो."

पाझर होता, हे मला माहीत होतं. पण दहा ओळींचं पाणी पाझरानं जात नाही, हेही माहीत होतं. मी नाही म्हणून मान हलवली. तात्या आबांकडं बघत राहिले.

"भाऊसाहेब," आबा म्हणाले, "एक टिपरू सोडून बगा की वरनं. गणपत पाटकरी सोडायचा तसं."

मला राग आला. उन्हानं डोकं तापलेलं, चार दिवस झोप नीट नाही, आणि हा माणूस मला पट्टी सोडून टिपरावर या म्हणतो. मी म्हणालो, "ते दिवस गेले, आबा." आणि झाडाखाली बसून पंचनामा लिहायला घेतला. ज्ञानदेव धोंडिबा कोकणे, राहणार वरकुटे, यांनी पाळी नसताना पाणी घेतल्याचे दिसून आले. पंच म्हणून पहिली सही हणमंततात्यांनी केली. खरं तर ज्याची तक्रार त्यानं पंच व्हायचं नसतं. पण त्या उन्हात दुसरा कोण सापडणार, असं मी मनाशी म्हटलं. आबांनी सही केली नाही. कागदाकडं बघितलंसुद्धा नाही.

त्यांची मोरी एक पाळी बंद राहिली. मका वाळला. तो तर पुढच्या वर्षी पुन्हा उगवतो. पण गावात "पानीचोर" हा शब्द एकदा चिकटला की चिकटला. सावड मोडली. पेरू उतरवायला तात्यांनी त्या हंगामात बाहेरून माणसं बोलावली. उरलेल्या पाळ्यांनाही तात्यांच्या ओळी कोरड्या राहत होत्या. ते दरवेळी सांगायचे, आणि मी दरवेळी आबांच्या मोरीवर चिखल थापून यायचो. वरचे शेतकरीही पाणी कमी म्हणून कुरकुरायचे, पण उन्हाळ्यात कोण कुरकुरत नाही, असं म्हणून मी सोडून द्यायचो.

आता कोणी म्हणेल, पट्टी रंगवली त्याच पाळीपासून पाणी कमी पडायला लागलं, एवढी साधी गोष्ट तुला कळली नाही? नाही कळली. दुसऱ्याची चोरी माणसाला लगेच सुचते, आपल्या हातची चूक सगळ्यात शेवटी.

पावसाळ्यानंतर कालवा बंद ठेवून गाळ काढायचं काम निघालं. जेसीबी चारीच्या तोंडाशी आला, माणसांनी फावड्यांनी कोपरे साफ केले, पाण्यानं धुतले. दुपारी मी कोरड्या चारीत उतरलो. इतक्या वर्षांत तो उंबरा मी पहिल्यांदाच स्वच्छ, अख्खा बघत होतो. उंबऱ्याच्या माथ्यावर हात ठेवला आणि तसाच सरळ भिंतीकडं नेला. हात माझ्या शून्यावर टेकला नाही. तो टेकला चार बोटं वर. माझं शून्य भिंतीकडेच्या तळाशी होतं. काठी गाळातून गेली, टणक लागलं, आणि मी तळाला उंबरा समजून बसलो.

म्हणजे पट्टीवर रेघेला रेघ दिसायची तेव्हा खरं पाणी चार बोटं कमी असायचं. तक्ता काढून हिशेब केला. जवळजवळ चौथाई पाणी मी तोंडाशीच अडवत होतो. तात्यांच्या दहा ओळींचं पाणी कोणी प्यायलं नव्हतं. ते चारीत आलंच नव्हतं.

जेसीबीवाला वरून विचारत होता, "सायेब, झालं का? म्हशीन काढू का?" मी हो म्हणालो. ती सगळी माणसं गेल्यावर पत्रा घेऊन रंग खरवडला आणि नव्यानं रेघा ओढल्या, यावेळी उंबऱ्यापासून. वहीत तीन शब्द लिहिले, "पट्टी पुन्हा रंगवली." का, ते लिहिलं नाही. चौकशी लागली असती. नोकरीची शेवटची वर्षं, पेन्शन डोळ्यासमोर. भित्रेपणा होता, दुसरं काही नाही. मनाला समजावलं की आता पाणी बरोबर जाईल, झालं ते झालं.

पुढच्या आवर्तनाला तात्यांची बाग पुरी भिजली. दावं खुंटीला लागलं. तात्या मुद्दाम भेटायला आले, टोपलीत पेरू घेऊन. म्हणाले, "बगा भाऊसाहेब, चोराला चाप बसला आन पानी आपसूक आलं!"

ते ऐकून माझ्या हातातला पेरू तसाच राहिला. माझी चूक आबांना एकदा चोर ठरवून गेली होती, आणि मी ती गुपचूप सुधारली तेव्हा तिनं त्यांना दुसऱ्यांदा चोर ठरवलं. आता तर पुरावाच झाला. सांगायचं होतं तर त्याच घडीला. मी म्हणालो, "बरं झालं तात्या." आणि पेरू खाल्ला.

त्यानंतरच्या वर्षी आबांच्या कारभारणी गेल्या. मी मातीला गेलो होतो. सारं गाव होतं, तात्या नव्हते. ज्या बाईच्या हातची भाकरी त्यांनी निम्मा जन्म खाल्ली, तिच्या मातीला ते आले नाहीत. मला कारण माहीत होतं. मी सगळ्यांबरोबर उभा राहिलो आणि सगळ्यांबरोबर घरी आलो.

माझ्या निरोपाच्या कार्यक्रमात तात्यांनी मला शाल घातली आणि भाषण केलं. म्हणाले, "ह्या मानसानं पट्टीवर बोट ठिवून चोर दाखिवला. आसा मानूस व्हनार न्हाय." टाळ्या झाल्या. ती शाल मी आजवर अंगावर घेतलेली नाही.

तरीही दोन वर्षं गेली. पेन्शनचा कागद हातात पडला, ती सबब संपली. मग गुडघे, मग पाऊस, मग आणखी काही. या उन्हाळ्यात एका सकाळी बायकोला म्हणालो, वरकुट्याला जाऊन येतो. ती म्हणाली, "आता कसली पट्टी?" मी मोटारसायकल काढली.

आबा गोठ्यापुढं वैरण तोडत बसले होते. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. ट्रॉली, रंग, काठी, चार बोटं. त्यांनी ऐकून घेतलं. मग विळा बाजूला ठेवला.

"मला ठावं हाय," म्हणाले.

मला वाटलं, नीट ऐकलं नसेल.

"गाळ काडल्याव दोन दिसांनी म्या तितनं चाललो हुतो. जुना रंग खरवडल्याली खून भिंतीला तशीच हुती, आन नवं शून्य चार बोटं वर. तवाच समजलं."

"मग बोलला का नाहीत, आबा?"

"चोराचं कोन ऐकतं?" ते अगदी शांतपणे म्हणाले. "म्हनलं, तुमी याल. रोज तीनदा पट्टी बगायला येनारा मानूस. आज न उद्या हिकडं वळंल. लई येळ लावलात."

मला रडू आवरलं नाही. त्यांनी तांब्या पुढं केला. म्हणाले, "मला सांगून काय उपेग? मला तर आधीपास्नंच म्हाईत हुतं, म्या चोरलं न्हाय ते. तात्याला सांगा."

तसाच तात्यांकडं गेलो. बागेतल्या खाटेवर होते. त्यांना सांगणं आबांना सांगण्यापेक्षा अवघड गेलं. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा कसनुसा होत गेला.

"तुमीच म्हनला हुता, पट्टी खोटं बोलत न्हाय."

"पट्टी नाही तात्या. मी चुकलो."

"म्हंजी त्यानं..." ते थांबले. "वैनीच्या मातीला म्या गेलो न्हाय भाऊसाहेब. हितनं धूर दिसत हुता मला. हितंच बसून हुतो." मग एकदम उठून उभे राहिले आणि म्हणाले, "न्हाय. पट्टी बरोबर हुती. तुमी आता दमलाय, तुमाला कायबाय आठवतंय. घरी जावा."

मी त्यांना दोष देत नाही. आबा चोर नव्हते हे मान्य केलं, तर त्या दिवशी खाटेवर बसून राहिलेल्या माणसाचं काय करायचं, हा प्रश्न त्यांच्यापुढं उभा राहतो. मला तो प्रश्न ओळखीचा आहे.

आता चारीच्या तोंडाशी खांबावर एक डबा बसवलाय. तो उंची मोजतो आणि आकडा परस्पर मोबाइलवर पाठवतो. माणूस लागत नाही. मी परवा तिथं गेलो. बांधावरच्या उसाचं एक टिपरू मोडलं, पाण्यात टाकलं आणि त्याच्या बरोबर चाललो. टिपरू मला पळवत होतं. थोड्या अंतरावर दम लागला आणि मी बसलो, ते पुढं निघून गेलं.

संपादकांचा निरोप आला तेव्हा मी पुन्हा आबांकडं गेलो. हे लिहू का, विचारायला. नाव बदलून लिहितो म्हणालो. आबांनी नको म्हणून मान हलवली.

"पंचनाम्यात माझं पुरं नाव हुतं, बापाच्या नावासकट," ते म्हणाले. "ह्यात बी पुरं घाला. हा अंक वाचनालयात येतो, तात्याचा नातू त्याला वाचून दावतो दर साली."

म्हणून शेवटी हे लिहून देतो. वरकुट्याच्या चारीवर पाणी कमी पडलं, त्याला कारण मी रंगवलेली पट्टी. ज्ञानदेव धोंडिबा कोकणे, राहणार वरकुटे, यांनी पाणी घेतलं नव्हतं. मागचा पंचनामा खोटा होता, तो मी लिहिला होता. या पंचनाम्यावर सही माझी एकट्याची आहे. दुसऱ्या पंचाची जागा मी मोकळी ठेवली आहे. तात्या, ती तुमच्यासाठी आहे.